कणगीतला ओला पाला

सन एकोणीसशे बासष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो — म्हणजे पोरगा नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं वाचून तुम्ही म्हणाल, वय लहान असेल. नव्हतं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, बाप वारून एक, आणि घरात माझाच शब्द चालत होता.

हे मायला कळलं नाही. लेकांना माहीत नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला पाहिजे होतं, तिला मी ती जाईपर्यंत कळू दिलं नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत, अक्षर वाकडं येतं. पण दुसऱ्याच्या हातानं लिहून घ्यावी अशी ही गोष्ट नाही.

गोष्ट जवारीची आहे.

आमचं गाव पुसदच्या अलीकडं. माझ्या बापाचं गावात नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी — त्याच्या कणगीतल्या जवारीला कधी पाखरू लागलं नाही. दुसऱ्यांच्या घरी पावसाळा यायच्या आत दाण्यादाण्याला भोक, आणि झाकण उचललं की करड्या पाकोळ्या तोंडावर. आमच्याकडं दोन पावसाळे दाणा तसाच. लोक विचारायला येत. बाप सांगायचा, लपवायचा नाही. जवारीला कडक ऊन द्यायचं. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवायचा, मुठीत धरला तर चुरा झाला पाहिजे. मग एक थर जवारीचा, एक थर पाल्याचा, वरून चाळलेली राख, आणि तोंड शेणमातीनं लिंपून बंद. ओल मात्र कुठंच राहायला नको. ओल राहिली की जवारी आतल्या आत तापते, आणि मग पाखरू धरतंच. हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी चिडायचो — मले काय समजत नाही काय?

अजून एक रीत होती. कणगी भरायच्या दिवशी घरातली कोणी बाई बाहेर बसली असेल, म्हणजे महिन्याच्या चार दिवसांतली, तर तिनं तिकडं फिरकायचं नाही. तिचा पदर लागला तरी धान्य किडतं म्हणत. मी हे मानत होतो का? खरं सांगू — मी कधी विचारच केला नाही. पण ती रीत माझ्या कामी आली.

माझी बायको गिरजा, उमरखेडकडची. तिच्या हातालाही नाव होतं, ते कापडासाठी. निर्गुडीचा वाळका पाला आणि वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ती पेटीत घडीघडीत ठेवायची. तिच्या लुगड्यांना कापड खाणारी कसर माहीतच नव्हती. गल्लीतल्या बायका लेकींचे शालू तिच्याकडून बांधून घ्यायच्या. "गिरजे, तुहा हात लागू दे वो माह्या पेटीले," म्हणायच्या. परगावाहून आलेल्या सुनेला कोणी आपली पेटी उघडून देतं — तिच्याजवळ तेवढाच मान होता. मला तो दिसत होता. दिसत नव्हता असं म्हणणार नाही.

तर ते वर्ष. बाप गेल्यावरची पहिली भरणी, आणि ती मी करणार होतो. पाला आधीच तोडून वाळत घालायला पाहिजे होता. मी आज करू, उद्या करू करत राहिलो. आणि त्या सकाळी दोस्त दारात गाडी घेऊन उभे — शंकरपट होता, बैलांच्या शर्यती, वर्षातून एकदा. माय वावरात गेली होती. मी झाडावर चढलो, हिरव्या फांद्या ओरबाडल्या. पानांवर दव होतं. हाताला गार लागलं ते अजून आठवतं. तसाच पाला थरावर थर टाकला, राख फेकली, तोंड लिंपलं. गिरजा त्या दिवशी बाहेर बसली होती, मागं गोठ्याच्या पडवीत. तिथूनच तिनं विचारलं, "पाला वाळला काय जी?"

"वाळला," मी म्हणालो.

खोटं तिथून सुरू झालं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

वैशाखात कणगी फोडली. तीही मी मोठ्या थाटात फोडली — शेजारचे नामदेवकाका आणि गल्लीतले आणखी दोघं मुद्दाम पाहायला बोलावले होते. बाप गेला तरी घराण्याची कला गेली नाही, हे दाखवायचं होतं ना. लिंपण निघालं आणि आधी वास आला, कुबट. मग पाकोळ्या. किती म्हणून सांगू. पाल्याचे काळे गोळे झाले होते, जवारी बोटांनी दाबली तर पीठ.

नामदेवकाका धोतरानं तोंड पुसत म्हणाले, "काय बाप्पा, जवारीचं लगन लावलं काय? वऱ्हाडी तं उडून राह्यले!"

सगळे हसले. ते हसणं मला सोसलं नाही. मी म्हणालो, "भरली तवा गिरजा बाहेर होती. तिचाच हात लागला असन."

कोणी मला विचारलं होतं का? नाही. मायनं बोट दाखवलं होतं का? नाही. मी आपणहून बोललो. आणि बोललो ते मोठ्यानं.

माय उठली. "कावं, शिवली व्हती काय तू?"

गिरजा हातात टोपली घेऊन उभी होती. ती नाही म्हणेल असं मी धरून चाललो होतो. ती नाही म्हणाली की तिच्यावर ओरडायचं, हेही ठरवलं होतं. पण ती विचार करत राहिली. तो तिचा विचार करणारा चेहरा — मी काय सांगू तुम्हाला. स्वतःचीच चूक शोधत होती ती. मग हळूच म्हणाली, "पाण्याचा पितळी गुंड घ्याले गेलती मी तिकडून… पदर लागला असन. याद नाही जी. लागलाच असन."

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही. तुम्ही पाहिलं काय, असं विचारल्यासारखं.

मी मान हलवली. पाहिलं, म्हणून.

मायनं तिला कणगीपुढं जमिनीला नाक घासायला लावलं. तिनं घासलं. मी तिथंच होतो, दाराला टेकून.

त्यानंतर तिला कोणी पेटी उघडून दिली नाही. पुढल्याच आठवड्यात शेजारच्या पोरीच्या लग्नाचा शालू बांधायचा होता. गिरजा निर्गुडी घेऊन गेली. "राहू दे वो, झालं बांधून," म्हणून त्यांनी पेटीचं झाकण लावलं. ती पाल्याचं फडकं तसंच घेऊन परत आली. आणि धान्यात हात? मरेपर्यंत घातला नाही. माय गेली, सुना आल्या, जमाना बदलला, सुना तिला हसायच्या — तरी शेरभर जवारी काढायची तर कोणाला तरी हाक मारायची. तिला वाटत राहिलं, आपल्या हातातच काहीतरी आहे. ते मी तिच्या हातात घातलं होतं. रोज सांगता आलं असतं. कोणत्या दिवशी तोंड शिवलेलं होतं माझं? रोज मी भाकर खाल्ली आणि उठलो.

त्या वैशाखात कणगीची बातमी उमरखेडकडं पोचायला कितीसा वेळ. गिरजाचा बाप आला. बैलगाडीत त्याच्या घरची जवारी, पोती भरून. म्हातारा माणूस, उन्हातून आलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही आणि माझ्यापुढं हात जोडले. "पोरीचं चुकलं, जावई. पदरात घ्या." मायनं तोंड फिरवलं. गिरजा आत चुलीपाशी होती, तिला ऐकू जात होतं. मी म्हणालो, "ठीक हाये, मामाजी." एवढं म्हटलं. मोठेपणानं म्हटलं.

म्हातारा रात्री राहिला; दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोरच मी त्याच्या एका पोत्याचं तोंड सोडलं. मूठभर जवारी घेतली, एक दाणा दाताखाली धरला. कटकन फुटला. इतका वाळलेला दाणा आमच्या घरी कधी झाला नव्हता. नामदेवकाका कुंपणापलीकडून पाहत होते. मी दाणा थुंकला आणि म्हणालो, "ओलसर हाये, मामाजी. ऊन द्या लागते."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून ओसरीवर ठेवली, पोतं पाठीवर घेतलं, आणि आमच्या आंगणात उकिडवा बसून जवारी पसरवू लागला.