मायफळातली माशी आणि गोठ्याची मेढ

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी वेल्ह्याकडच्या आमच्या गावी आलो, तेव्हा वडील गोठ्याची मधली मेढ, म्हणजे आढं पेलणारा लाकडी खांब, बदलत होते. जमिनीत जाणाऱ्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून बिब्ब्याचं तेल फासायची आमच्याकडे रीत आहे. ते अंगावर उततं, म्हणून वडील हातांना खोबरेल चोळत बसले होते.

ओट्यावर वहिनी बाळाच्या घुटीसाठी मायफळ उगाळत होती. मी ते उचलून त्याचं बारीक भोक सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, हे फळ नव्हेच. एक इवलीशी गांधीलमाशी झाडाच्या कोवळ्या डहाळीत अंडं घालते आणि झाडच अळीभोवती ही गाठ वाढवतं. अळीला घर मिळतं, अन्न मिळतं आणि झाडही उभं राहतं. वाळवी मात्र हजारोंनी येऊन लाकूड पोखरते. तेही तिला स्वतःला पचत नाही, पोटातले सूक्ष्म जीव पचवून देतात. एक कारागीर, दुसरी नुसती खादाड, असा निकालही मी देऊन टाकला.

वहिनी म्हणाली, “भावजी, तुमालाबी ल्हानपनी हेच चाटवलंय. तरी शिकलात न्हवं?”

सगळे हसले. मला ते लागलं. त्या तिरमिरीत मी बिब्ब्यावर घसरलो. नवी मेढ ऐनाची आहे, आणि ऐनाच्या पक्क्या लाकडाला वाळवी लागत नाही, म्हणालो. वाळवीच्या पोटात काय असतं हे मी वाचलं होतं. कोणतं लाकूड ती सोडते, हे कुठंच वाचलं नव्हतं.

“मग बिब्बा नको म्हंतोस?” वडिलांनी विचारलं.

“नको.”

त्यांनी तेलाचं भांडं उचलून ठेवलं. मुलाच्या सांगण्यावरून मेढ पुरली, हे ते पुढे आठवडाभर घरातल्या घरात कौतुकानं सांगत होते.

तिसऱ्या पावसाळ्यात ती मेढ जमिनीलगत मोडली आणि आढं बैलावर आलं. मी तेव्हा भोरला शिक्षक होतो. निरोप मिळताच गेलो. लाकूड वरून धड होतं, आत नुसती माती. बैलाचा मागचा पाय कायमचा गेला होता. माझं भोरचं शिक्षण, पुण्याचं कॉलेज, सगळं त्या बैलजोडीच्या कष्टावर झालं होतं.

भावकीतले लोक विचारपूस करायला येत. प्रत्येकाचा प्रश्न एकच, बिब्बा लावला नव्हता का?

“आळस केला म्या,” वडील म्हणत. “हात उततो म्हनून ऱ्हायलं.”

मी शेजारीच बसलेला असे. एकदा बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पदवीधर मुलानं चारचौघांत तोंड उघडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मी उघडलं नाही.