सुनेचा गळका नळ

माझी सून सावकाश आहे. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव गोगलगाय ठेवलं. सुनेच्या हातचा चहा प्यायचा तर घरून जेवून या, असं ती पाहुण्यांना सांगायची. चहा मात्र फक्कड असायचा.

सून करते ते काम मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. संशोधनासाठी लागणारी प्रथिनं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती आहे. माणसाच्या प्रथिनाचा जनुक जिवाणूत घालतात आणि जिवाणूकडून ते प्रथिन बनवून घेतात. औषध म्हणून नव्हे, फक्त प्रयोगासाठी. तिच्या वाट्याला आलेलं प्रथिन मज्जापेशींना फांद्या फुटायला लावणारं होतं. जिवाणू ते भरपूर बनवत, पण घाईघाईनं, आणि त्याच्या गुठळ्या करून ठेवत. प्रथिनाच्या धाग्याची घडी नीट बसली तरच ते कामाचं. गुठळी म्हणजे नुसता गुंता.

गुठळी विरघळवता येते. मग ते द्रावण दुसऱ्या थंडगार द्रावणात हळूहळू सोडायचं, म्हणजे प्रत्येक धागा आपापली घडी घालतो. घडी पडायच्या आत दोन धागे भेटले की पुन्हा गुंता. तिच्याआधी दोघांनी करून पाहिलं होतं. दोघांचंही द्रावण गढूळ झालं आणि दोघांनी हात टेकले. मालकांनी तिला सांगितलं, की या खेपेला जमलं नाही तर हे काम बंद आणि तुमचं टेबल दुसऱ्याला. तुम्ही मुळात जरा मंदच चालता, असंही म्हणाले.

ते तिला लागलं. त्या संध्याकाळी ती धड जेवली नाही. मग माझ्याजवळ येऊन बसली. मी जन्मभर नळदुरुस्ती केली.

"बाबा, नळ गळता कसा ठेवायचा?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. "अगं, गळते नळ बंद करण्यात हयात गेली माझी. गळता ठेवायला कुणी बोलावलं नाही."

तेव्हा तिनं सांगितलं, की तिथल्या पंपाचा सगळ्यात मंद वेगही या प्रथिनाला जास्त होतो. तोटी असलेलं काचेचं भांडं वापरावं, असं तिच्या मनात होतं. मी बादलीला जुनी तोटी बसवून दाखवली. पाणी उतरत गेलं तसा थेंब मंदावला आणि शेवटी थांबला.

"हे असं होणारच," मी म्हणालो. "तोटीवर कुणाला तरी बसावं लागेल."

"मी बसेन."

"त्यासाठीच जन्माला आलीय ती," आतून बायको म्हणाली. सूनच आधी हसली.

दुसऱ्या दिवशी ती घाईत स्वेटर विसरली. आयुष्यात एकदाच घाई केली, तीही चुकीच्या दिवशी. स्वेटर घेऊन मी गेलो. त्यांची थंड खोली म्हणजे माणूस मावेल असा फ्रीजच. ती स्टुलावर बसली होती, नाक लाल, बोटं तोटीवर. थेंब पडायचा, खालच्या भांड्यात विरायचा, मग पुढचा. येता-जाता एकजण दारातून डोकावून म्हणाला, "मॅडम, अंडी उबवताय का?" तिनं मान वर केली नाही. माझं लक्ष खालच्या भांड्याकडे होतं. त्यातलं द्रावण काचेसारखं स्वच्छ होतं.

दिवस मावळेपर्यंत ते तसंच राहिलं. तरी तिचा जीव भांड्यात पडला नव्हता. पेशींना पटल्याशिवाय काही खरं नाही, म्हणाली.

काही दिवसांनी तिनं आम्हां दोघांना बोलावून घेतलं. सूक्ष्मदर्शकात मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग गोल गोल पेशी दिसल्या. त्यांना प्रथिन दिलं नव्हतं. सुनेनं शेजारची बशी सरकवली आणि मी बघतच राहिलो. तिथल्या पेशींना लांबच लांब फांद्या फुटल्या होत्या; एकीची दुसरीपर्यंत पोचली होती. बायकोनं डोळा लावला तो काढेचना.

मालक आले. सगळ्यांसमोर म्हणाले, की टेबल तुमचंच, आणि यापुढे असली अवघड प्रथिनं तुमच्याकडेच. अंडी उबवण्याची चौकशी करणारा टाळ्या वाजवण्यात सगळ्यांच्या पुढे होता.

"पुढचं किती लवकर द्याल?" मालकांनी विचारलं.

"घाई केली नाहीत तर लवकर."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तू बस गं, आज चहा मी करते." तिनं तो चुटकीसरशी केला. पाणचट झाला होता. सुनेनं पुरा कप संपवला, अगदी सावकाश.