डिसेंबरातलं ऊन

सीताबर्डीच्या एका गल्लीत माझं ब्लाउजपीसचं मॅचिंगचं दुकान आहे. साडी पाहायची आणि त्याच रंगाचं कापड काउंटरवर टाकायचं, यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी स्वतःच सांगते. त्या एप्रिलमध्ये मात्र एका बाईला मरून साडीवर चॉकलेटी कापड दिलं. ती वाद घालू लागली तशी मी तणतणत साडी आणि कापड घेऊन उन्हात गेले, कारण रंग उन्हातच खरा कळतो. तिथे आणखीच धुरकट झालं. उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्यानं पाहिलं, तर मरूनमधला लालपणाच गायब!

घरी सगळ्यांचं एकच: ऊन लागलं. नागपुरात उन्हाळ्यात कोणाला दुसरं काही होतच नाही. जावेनं कैरीचं पन्हं पाजलं, पर्समध्ये कांदा टाकला. कूलरसमोर बसलं की नजर जरा निवळायची, म्हणून मलाही ते पटलं. डोळा फिरवला की आत दुखायचं, ते मी कोणाला सांगितलंच नाही. पावसाळ्यापर्यंत डोळा आपोआप सुधारला आणि विषय संपला.

डिसेंबरात एका संध्याकाळी दुकान बंद करून जावेबरोबर निघाले. चौकापाशी ती एकदम थांबली. माझ्या उजव्या पायात चप्पलच नव्हती. ती दुकानाच्या पायरीवर राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. थंडीनं पाय बधिर झाला असेल, त्यात काय एवढं, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. ती काही मला भीक घालणारी नाही.

"तेव्हा ऊन लागलं म्हटलं. आता कोणतं ऊन लागून राहिलं वं तुले?"

तीच मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एमआरआय पाहून ते म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं. डोळा ही पहिली खूण होती. उष्णतेनं त्रास वाढतो, गारव्यात कमी वाटतो, पण हा रोग उन्हाचा नव्हे. औषधानं पुढचं नुकसान बरंच रोखता येईल. पायाची जाणीव किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नाही. मी फार घाबरले.

परतताना जावेनं मागे पट्टा असलेली सँडल घेतली. दुकानदाराला बाजूला सारून स्वतः खाली बसली आणि पट्टा लावला.

"घट्ट झालं का?"

ठीक आहे, असं तोंडाशी आलं होतं. मी पायाकडे पाहिलं.

"मले समजूनच नाही राहिलं," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. पट्टा एक भोक सैल केला.