माझा राक्षस तिच्या तोंडून बोलला

दोस्तहो, आज जळून कोळसा झालोय, म्हणून लिहायलोय.

बीदरमधी आमचा ग्रुप दर रविवारी फासे टाकून राक्षस-जादूगारांची गोष्ट खेळतो. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. चालवणारा कायम मीच.

आज माझा घसा बसला. आमच्यातली हळ्ळीखेडची शिवलीला म्हणाली, "अण्णा, आज मी चालवते."

माझ्या गोष्टीत राजापासून राक्षसापर्यंत सगळे पुस्तकातली मराठी बोलतात. तसा नियमच केलाय मी. हिची राणी कन्नडमधी भांडली. राक्षस गुहेतून दख्खनी उर्दूत ओरडला, "क्या होना तुमकू?" म्हंजे काय पाहिजे तुमाला.

आमचा बसू एरवी फासा टाकतो, आकडा सांगतो आन् गप बसतो. आज तोच राक्षसाशी हुज्जत घालायला लागला, "रस्ता सोड की, कामून अडवायलास?" सगळे हसून लोळायलेत आन् मी नुसता बघायलोय.

निघताना बसू तिला म्हणाला, "अक्का, पुढच्या रविवारीबी तूच चालव."

फासे माझे होते, ते खिशात घातले आन् घरी आलो.

आत्ता तिचा मेसेज आलाय, "अण्णा, घसा कसा हाय? फासे माझ्याकडं देता का रविवारपर्यंत?"

घसा कधीच बरा झालाय. तिला काय उत्तर देऊ, सांगा.