मामाजींची मोटार आणि विजेचं पाणी

चांगली चाललेली वस्तू पाहिली की ज्याच्या जिवाला घोर लागतो असा माणूस आख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि त्याची थोरली मुलगी नेमकी मला दिली होती. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला मामीजी. या मामाजींनी लग्नात मला मनगटी घड्याळ दिलं, आणि अंतरपाटाच्या आधीच "पाहू द्या जवाईबापू, बरोबर चालते का नाई ते" म्हणून परत काढून घेतलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत घड्याळाची चाकं अक्षतांत मिसळून गेली होती. आमच्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी तेवढी समोर पाहतात, बाकी सगळं वऱ्हाड खाली वाकून काहीतरी शोधतं आहे. कोंढा गावच्या त्यांच्या घरातली एकही वस्तू मूळ कामाशी प्रामाणिक राहिलेली नव्हती. रेडिओ लावायचा तर पंख्याचं बटण दाबावं लागे, आणि शिवणयंत्र असं सुधारलं होतं की शिवलेलं उसवायलाही तेच उपयोगी पडे. मिस्त्री या जातीवर त्यांचा विश्वास नव्हता. "मिस्त्री वस्तू पायते," ते म्हणायचे, "मी तिचा सभाव पायतो."

एका बाबतीत मात्र गावात त्यांना कुणी हसत नसे. गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. धान निसवायच्या दिवसांत तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, मामाजी उघडत आणि पाटापाटाने पाणी फिरवत. त्यांचा नियम एकच होता. सगळ्यांत शेवटची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, आधी भरायची. तलावाजवळच्याचं पाणी कुठेही जात नाही, त्याने थांबावं. या नियमापायी त्यांनी सख्ख्या भावाची बांधी तहानलेली ठेवली होती, आणि भाऊ त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही तरी रात्रीचं भाजीचं वाटगं तेवढं पाठवत राहिला.

अशा माणसाने मोटार घेतली. कुठल्याशा फिरत्या दवाखान्याची ती लिलावात निघालेली गाडी. पत्रा सडला होता म्हणून मामाजींनी सागाच्या फळ्या ठोकून तिला नवं अंग दिलं, आत दोन बाजा, रॉकेलचा स्टोव्ह, भांड्यांची फळी आणि एका कोपऱ्यात देव बसवले, आणि तिला ते 'बंगला' म्हणू लागले. रेडिएटरला झाकण म्हणून भंडाऱ्याच्या दुकानातला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, उपडा बसवला होता. मागच्या बंपरला डब्यात तुळस होती, आणि मामीजी पाणी घालायला उतरल्या की मामाजींना नेमकी तेव्हाच गाडी पुढे घ्यायची आठवण व्हायची. मीच एकदा त्या बाईला हातात तांब्या घेऊन तुळशीमागे अर्धा कोस धावताना पाहिलं आहे. दवाखान्याचं लाल चिन्ह रंगाचे चार हात देऊनही फळ्यांतून परत उमटायचं. फळ्या नव्या होत्या, तरी उमटायचं, यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. परिणाम असा की गाडी कुठेही थांबली की म्हाताऱ्या बाह्या वर करून रांगेत उभ्या राहत. त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं मामाजींच्या जिवावर येई, म्हणून ते प्रत्येकीला एक लवंग देत. अड्याळच्या एका म्हातारीचे गुडघे त्या लवंगेने बरे झाले आणि पुढच्या खेपेला ती व्याह्यांना घेऊन आली.

या मोटारीपायीच मामीजींचं माहेर तुटलं. माहेर आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी. धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न होतं आणि हे दोघं बंगल्यातून गेले. भावाने भर मांडवात हात जोडले आणि म्हणाला, "दाजी, हे डबडं तिकडं बोडीमागं उभं करा जी. सोयरे पाहून राहिले." मामाजी हसले आणि गाडी त्या तळ्यामागे घ्यायला निघालेसुद्धा. मामीजी हसल्या नाहीत. वाटेभर त्याच गाडीला त्यांनी मढं, भूत, सवत अशी नावं ठेवली होती, पण नवऱ्याला हसण्याचा हक्क त्यांनी स्वतःखेरीज कुणाला दिलेला नव्हता. "बाबू," त्या भावाला म्हणाल्या, "आता येईन तं ह्याच डबड्यात बसून येईन, आन ते तुह्या दारासमोरच उभं राहीन. नाई तं येनार नाई." तेव्हापासून त्या गेल्या नाहीत. भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळायच्या. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. इथे भाऊ होता, शेतीवाडीसकट धडधाकट होता, आणि ही बाई आभाळाकडे ताट धरून उभी.

मग एका दिवाळीला आंबागडहून माणूस निरोप घेऊन आला. भाऊ धडधाकट राहिला नव्हता. लकवा झाला होता, एक बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. निरोप एवढाच होता, "मंडईले ये म्हना. ज्याच्यात याचं त्याच्यात ये." आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. तिला आमंत्रण लागत नाही. सोयरे आपले आपण येतात, दुकानं लागतात, मुली पाहिल्या जातात, आणि वर्षभर रुसलेली माणसं 'सहजच आलो जी' म्हणून दारात उभी राहतात. रुसवा मोडायला याहून सोपा दिवस नाही. हा चुकला तर थेट पुढची मंडई, आणि लकव्याच्या माणसाला पुढच्या मंडईचा भरवसा कोण देणार?

निरोप आला त्या दिवशी बंगला खळ्यात होता, धानाच्या भाऱ्यांच्या पुंजण्याला लागून. मामाजींनी बॉनेट उघडलं. पुंजण्यातल्या उंदरांनी दाणा सोडून इंजिनाची वायरिंग खाल्ली होती. लाल, पिवळ्या, हिरव्या वायरींचा मऊ भुसा झाला होता आणि त्यात एक उंदरीण पिलं घेऊन पहुडली होती. मामाजींनी पहिलं काम केलं ते तिला भुशासकट टोपल्यात घालून धान्याच्या ढोलीमागे नेऊन ठेवण्याचं. मी म्हणालो, "मामाजी, हिनेच खाल्लं ना सगळं?" तर म्हणाले, "बाळंतीन हाय बाप्पा. तिले आता काय बोलता?"

"भंडाऱ्याहून मिस्त्री आणू?" मी विचारलं.

"मिस्त्रीले तिचा सभाव ठाऊक हाय का?"

मी मामीजींकडे वळलो. "मामीजी, भाऊ स्वतः म्हणतात ना, कशातही ये. एस्टीने जाऊ."

"बोलली ते बोलली," त्या म्हणाल्या, आणि ओवाळायचं ताट चिंचेने घासायला बसल्या. नुसतं ताट घासत राहिल्या. तो आवाज खळ्यात ऐकू येत होता आणि प्रत्येक घासणीला मामाजींची मान थोडी खाली जात होती.

वायर गोळा झाली. पंपाची जुनी, मांडवाच्या रोषणाईची, सायकलच्या दिव्याची. जोडांवर चिकटपट्टी पुरेना, तेव्हा मामाजींनी पळसावरची लाख वितळवून जोडांवर ओतली. त्याने बोटं भाजली, पण जोड असे बसले की जगबुडीतही सुटले नसते. इथवर सगळं ठीक होतं. पण वीज कुठून कुठे न्यायची, हे ठरवताना मामाजींच्या अंगात तलाव आला. बॅटरी म्हणजे तलाव, वायर म्हणजे पाट, बटण म्हणजे तुडूम. तलाव खाली आणि शेत वर असं कुणी पाहिलं आहे का? म्हणून बॅटरी त्यांनी मोटारीच्या टपावर चढवली आणि सगळ्या वायरी उतारावरून आणल्या. मागचा लाल दिवा सगळ्यांत लांब, म्हणजे शेवटची बांधी, म्हणून त्याला मनगटाएवढी जाड वायर. स्टार्टर तलावाच्या तोंडाशी, म्हणून त्याला सायकलच्या दिव्याची. आणि बॅटरीपासून गाडीच्या लोखंडाला जाणारी जी जाड काळी वायर उंदरांनाही चावता आली नव्हती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढून फेकली. "इथूनच सारी वीज जमिनीत पाझरून राहिली होती," ते म्हणाले. "एवढे वर्स कोनाले समजलं नाई."

बटण दाबलं. दिवा नाही, भोंगा नाही, मोटार आपली ढिम्म. हँडल मारून पाहिलं, ठिणगीच पडेना. मी कॉलेजात काही दिवस सायन्सला बसलेला माणूस. वीज म्हणजे काय ते मामाजींना कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं, फरक इतकाच की मला ते इंग्रजीत कळत नव्हतं. पण एवढं आठवत होतं की फेरा पूर्ण व्हावा लागतो.

"मामाजी, वीज परत बॅटरीत आली पाहिजे."

"काहून?"

"तसा नियमच आहे."

"पानी बांधीत मुरते, जवाईबापू. परत आलं तं मंग वाटलं कायले?"

दोन दिवस हाच वाद चालला. मी 'परत' म्हणायचो, ते 'कायले' म्हणायचे. मंडई उद्यावर आली तरी तलावाचं पाणी बांधीतच मुरत होतं. शेवटी ओसरीवरून मामीजींचा आवाज आला, "अवो, सारं पानी मुरते, मंग दरसाली तलाव कायनं भरते? तुमचा बाप भरते का घागरीनं?"

"काय बोलतं वो? ढग भरते."

"मंग तुमच्या मोटारीत ढग कुठी हाय?"

मामाजी टपावर बॅटरीशेजारी बसले होते. वर आभाळाकडे पाहिलं, खाली बॉनेटमध्ये पाहिलं, आणि एखादा मोठा करार मान्य करावा तसे म्हणाले, "जवाईबापू, ते काळी वायर आना. ढग जोडा."

ढग जोडला आणि मोटारीत जीव आला. भोंगा असा वाजला की पुंजण्यावरचे पारवे उडाले. मागचा लाल दिवा तर मनगटाएवढ्या वायरीच्या गर्वाने पेटला. मग मामाजींनी स्टार्टरचं बटण दाबलं आणि सायकलच्या दिव्याची ती बारकी वायर लाल होऊन धूर सोडू लागली. मी ओरडलो, "याला जाड वायर लागते! मागच्या दिव्याची काढा, याला द्या!" मामाजी माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी कुणाच्या पोराच्या तोंडचा घास काढायला सांगितला होता. "शेवटच्याचं तोडून तुडुमाजवळच्याले देऊ? मी? जवाईबापू, मले उद्या तलावावर तोंड दाखवाचं हाय." स्टार्टर उपाशीच राहिला. ठरलं असं की हँडल मारून गाडी सुरू करायची आणि मग मंडईपर्यंत, काही झालं तरी, बंद म्हणून करायची नाही.

मंडईच्या सकाळी हँडल मी मारलं. माझा उजवा खांदा डाव्याहून वर आहे तो तेव्हापासून. मामीजी हिरवं लुगडं नेसून, ताट मांडीवर घेऊन बाजेवर बसल्या. इंजिन एकदा लागलं ते लागलं. भंडाऱ्यात चहाला थांबलो तरी मामाजी उतरले नाहीत, रेसवर पाय दाबून धरून बसल्या जागी कप प्याले. मोहाडीत म्हाताऱ्यांनी रांग लावली, त्यांना खिडकीतूनच लवंगा दिल्या. आंबागडला पोचलो तेव्हा मंडई ऐन भरात होती, आणि लाल चिन्हाची गाडी पाहून टोचणीवाले आले असं समजून अर्ध्या गावाने आपली पोरं लपवली. त्या मोकळ्या झालेल्या वाटेने बंगला सरळ भावाच्या दारासमोर जाऊन उभा राहिला.

भाऊ दारातच बसला होता, खांद्यावर शाल. मामीजी उतरल्या. त्यांनी कुंकू लावलं, वात पेटवली, ओवाळलं. मोटार मागे धडधडत होती, घराची कौलंसुद्धा थरथरत होती. भावाचे ओठ हलले. जड जिभेने तो काहीतरी म्हणाला.

"काय म्हनतं बाबू?" मामीजी ओरडल्या.

तो पुन्हा म्हणाला. त्यांनी कान त्याच्या तोंडाशी नेला. पुन्हा ऐकू आलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, मोटारीकडे नाही, मामाजींकडे.

मामाजींचा पाय दाबलेलाच होता. बंद केली तर पुन्हा लागेल याची खात्री जगात कुणालाच नव्हती, त्यांना तर सगळ्यांत कमी. त्यांनी हात पुढे केला आणि तुडूम पाडावं तसं हळूच बटण फिरवलं.

असा शांतपणा मी कधी ऐकला नाही. लांब मंडईतल्या पिपाण्या ऐकू आल्या. आणि भाऊ एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला, "दारातच... राहू दे."

मला दोन दिवसांनी ऑफिस होतं. निघताना मी हँडल उचललं आणि म्हणालो, "मामाजी, लावून पाहू का?"

"राहू द्या," ते म्हणाले. "मोठं काम हाय. महिनाभर तं लागनच." बॉनेट त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं. काय बिघडलं आहे हे मीही विचारलं नाही. बंगल्याच्या पायरीवर ते नुसते बसून होते, हातात ना पकड ना पेचकस. आत ओसरीवर मामीजी भावाची जीभ सैल व्हावी म्हणून त्याच्याकडून लहानपणच्या बैलांची नावं वदवून घेत होत्या. दोन नावं त्याने ओढूनताणून म्हटली. तिसऱ्याला अडला. मामीजी थांबल्या, त्याला आठवायला वेळ देत.

पायरीवर मामाजींनी मामीजींच्या तोंडून कितीदा ऐकलेलं ते नाव माझ्याशीही न बोलता, अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हटलं, आणि मग आतून कधी येतं ते ऐकत बसले.