करडईच्या तेलातलं पिस्तूल

मामेभाऊ संजूचा फोन आला तेव्हा मी नांदेडात एका गाडीवर केळी निवडत होतो. गाडीवाला अर्धापूरचा, आणि मी नेहमीप्रमाणे त्याच्याकडून फसत होतो. "दादा, बाबा गेले," संजू म्हणाला. आणि पुढच्याच श्वासात, "त्या पिस्तुलांचं काय करायचं रे आता?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आम्हाला वाटला नाही. शरदमामा आणि त्यांची पिस्तुलं यांचा वेगवेगळा विचार करायची आमच्या घराला सवयच नव्हती.

शरदमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर. घरात कुणी गेलं की चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे येतं, त्यामुळे हल्ली म्हातारी मंडळी माझ्याशी जपून बोलतात. मामांनी मात्र जिवंतपणीच ताकीद देऊन ठेवली होती : "लिही, पण महायुद्धाच्या आधीची पिस्तुलं म्हणून लिही. नंतरचा माल मी ठेवत नसतो."

ती छऱ्याची, हवेवर चालणारी पिस्तुलं. इंग्लिश, जर्मन. निजामाच्या काळात हौशी अंमलदारांनी आणि जहागीरदारांनी आणलेली. पोलीस अ‍ॅक्शननंतर लोकांनी पिस्तुलासारखं दिसेल ते सगळं कणगीत दडवलं, विहिरीत टाकलं, आणि पुढे विसरूनही गेले. मामांची बदली कधी देगलूर, कधी उदगीर, कधी निलंगा. नव्या गावात माणूस आधी पाण्याची चौकशी करतो, मामा विचारत, "जुनं छऱ्याचं पिस्तूल हाय का कुणाकडं?" सरकारी माणूस असं विचारतो म्हटल्यावर समोरचा दार लावून घ्यायचा. मग मामा ओट्यावर बसून चहा मागायचे, आणि दुसऱ्या चहाला एखादी आजी पदराखालून गंजलेलं काहीतरी बाहेर काढायची.

अशी डझनभर जमली. लातूरच्या घरातली रस्त्याकडची खोली त्यांची. प्रत्येकाच्या आत चामड्याचं एक वायसर असतं. ते ओलं राहिलं तर हवा धरतं, सुकलं तर पिस्तूल नुसतं खोकतं. म्हणून मामा दर रविवारी प्रत्येकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडत. निलंग्याचं माहेर असलेल्या आमच्या मामी दारात उभ्या राहून म्हणत, "माझ्या गुडघ्याला कधी सोडलं न्हाई एवढ्या मायेनं!" मीही तिथे बसायचो. मला एकदा नेम धरायला दिला होता. समोरचा डबा शाबूत राहिला, शेजाऱ्यांचा रांजण फुटला. तेव्हापासून माझ्याकडे फक्त बघायचं काम.

मग किल्लारीचा भूकंप झाला. लातूरचं घर उभं राहिलं, पण भिंतींना तडे गेले आणि छताचा गिलावा पिस्तुलांवर पडला. मामांना ते बघायलाही सवड नव्हती. पडलेल्या गावांत मोजमापाच्या कामावर त्यांना लावलं होतं. मधूनच कपडे बदलायला यायचे, जेवायचे आणि जायचे. बोलायचे नाहीत. मामी विचारायच्या, "कसं हाय तिकडं?" ते म्हणायचे, "पडकी घरं मोजायलोय." एवढंच. आम्हीही पुढे विचारणं सोडलं.

या काळात मामींनी ठरवलं, की हे परत कायमचे येतील तेव्हा पिस्तुलं तरी जागेवर दिसली पाहिजेत. धूळ पुसली. वायसर सुकलं असेल म्हणून तेल बघितलं तर मशीनचं तेल संपलेलं. घरात करडईचं होतं, ताजं, घाण्याचं. मामींनी हात आखडला नाही. लोणच्याला घालावं तसं घातलं.

करडईचं तेल उघड्यावर राहिलं की चिकट होतं, पुढे डिंकासारखं घट्ट बसतं. त्यात गिलाव्याची धूळ. काम संपवून मामा घरी आले त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. त्यांनी पहिलं उचललं, नळी वाकवून उघडायला गेले, हलेना. दुसरं, हलेना. सगळी तशीच. त्यांनी नळीशी नाक नेलं. मामी पदराचं टोक पिळत उभ्या.

"सुमे," मामा म्हणाले, "फोडणी दिलीस की काय यांना?"

आणि ते हसायला लागले. थांबेचनात. खुर्चीत बसून, डोळे पुसत, पुन्हा वास घेऊन पुन्हा हसले. त्या साऱ्या महिन्यांत आम्ही त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी जेवताना त्यांनी पहिल्यांदा तिकडचं थोडं सांगितलं.

पुढे त्यांनी एकेक पिस्तूल सवडीनं उघडलं, धुतलं, नवं वायसर बसवलं. एक जर्मन तेवढं तसंच जाम राहिलं, सगळ्यांत दुर्मीळ. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहू दे."

दरम्यान लातूरची हवा बदलली. गावोगावची पोरं क्लासेससाठी येऊन राहू लागली. संजूनं वर मजले चढवले, मुलींच्या राहण्याची सोय केली. रस्त्याकडची खोली तेवढी शिल्लक होती, आणि मामा होते तोवर तिचा विषय कुणी काढला नाही. आता काढावा लागला. नव्या बॅचच्या मुलींना जागा हवी होती. संजूनं हैदराबादचे एक शौकीन गृहस्थ बोलावले आणि सांगितलं, "आई, तू म्हणशील तसं." मलाही बोलावणं होतं, कशाला ते अजून कळलं नाही.

पाहुणे जाणकार होते. प्रत्येक पिस्तूल दोन्ही हातांनी उचलत होते. जर्मनवर आले आणि थबकले. "ये जाम है," ते म्हणाले, "मगर फिकर नक्को अम्मा. मिट्टी के तेल में रखे तो आराम से खुल जाता."

मामींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"बाकीची न्या."

"आई, तेच तर खरं..." संजू म्हणाला.

"तू गप रे. घेऊन जा म्हणावं बाकीची, नीट ठेवत्यात ते."

गेल्या महिन्यात लातूरला गेलो होतो. त्या खोलीत आता चार कॉट आहेत, भिंतींवर सूत्रांचे कागद आहेत. पिस्तूल मामींच्या खोलीत, शिलाई मशीनवर. नायगावहून आलेली एक मुलगी डबा ठेवायला आली, ते हातात घेऊन वळवून बघत म्हणाली, "आजी, चालतं का हो हे?"

मामी सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"न्हाई. मीच बंद पाडलंय ते."