ट्रॉलीच्या दांड्यावरची गाठ

त्या हिरव्या दोरीची गाठ आठवली की आजही माझी मान ताठ होते.

पालघर जिल्हा नवा होता आणि मी डहाणूला पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी रुग्णालयातून एमएलसी आली, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण. वरोर गावातल्या चार वर्षांच्या मुलीला फिट येऊ लागल्या होत्या आणि डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. तपासणीत कवटीला काही महिन्यांपूर्वीचा तडा दिसला. आई म्हणे, काही झालं नाही. सासू म्हणे, सून हात उचलते.

आई मासळी विकणारी. महिला हवालदारासमोर मी तिला तासभर खोदून विचारलं. पदराचं टोक पिळत ती शेवटी एवढंच बोलली, "सायब, चूक माझीच हाय." माझ्या लेखी तपास तिथेच संपला. मुलीला आईपासून दूर ठेवावं, असं पत्र मी बालकल्याण समितीला लिहायला घेतलं.

पत्रावर सही व्हायची होती, तेवढ्यात तलासरीकडच्या पाड्यावरची एक बाई ठाण्यात आली. डहाणूतल्या एका मोठ्या दुकानात ती झाडलोट करायची. काम नुकतंच सोडलं होतं. त्या मुलीच्या आईबद्दलची कुजबुज बाजारात तिच्या कानावर गेली होती.

"पोर दुकानात पडली, सायेब. दाराच्या उतारावर सामान ठेवायची ट्रॉली उलटली. पोरीला बांधलेली दोरी मीच कापली. मॅनेजरनी ट्रॉली गोदामात टाकाया लावली. बोलला, तोंड उघडायचं नाय."

मी सही केली नाही. आईला पुन्हा बोलावलं, या वेळी चहा दिला आणि ट्रॉलीचा विषय काढला. ती घळाघळा रडली.

"ट्रॉलीत पोर बसवायच्या जागेचा पट्टा तुटका होता, सायब. पोर उठून उभी राहायची. म्हणून पाटीतली दोरी घेऊन मीच बांधली तिला. बांधली नसती तर उडी मारून वाचली असती. रक्त नाय आलं, रडली नि खेळाया लागली. नवरा बोटीवर होता. बोट दर्यात असताना घरात वाईट बोलायचं नाय, ही आमच्या घरची रीत. तो आला तवर पोर धडधाकट."

आता कुठे मला तिची 'चूक' कळली. पंचांसमोर मी दोरीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि खुर्चीच्या दांड्याला तशीच गाठ मारायला सांगितलं. जाळं विणणाऱ्या घरातली बाई ती, डोळे पुसता पुसता दोन वेढ्यांत गाठ पडली. आमच्या हवालदाराला ती ओढून सुटेना.

दुकानाचा मॅनेजर मात्र बेरकी होता. "ती मासळीवाली आमच्या दुकानात कधी आलीच नाही, साहेब." गोदामात पोत्यांमागे ट्रॉली सापडली. पुढचं एक चाक अडकलेलं आणि दांड्यावर हिरव्या दोरीची गाठ, तशीच्या तशी.

"ही काय?"

"माल बांधायची दोरी, साहेब. आमचीच."

"मग तुम्हीच बांधून दाखवा."

तो बराच वेळ झटला. त्याची गाठ मी नुसतं बोट लावताच सुटली. पंच हसले. मॅनेजर खाली बसला आणि सगळं बोलला. चाक बिघडल्याची तक्रार आधीच आली होती, ट्रॉली मात्र त्याने बाजूला काढली नव्हती. पंचनामा केला, ट्रॉली मुद्देमालात जमा झाली. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा पुढे कोर्टात सिद्धही झाला. समितीचं पत्र मी माझ्या हाताने फाडलं. त्या दिवसाइतका आनंद मला कुठल्याच बक्षिसाने दिला नाही.

मुलगी कधी आणि कशी पडली ते कळल्यावर डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळाली. ते म्हणाले, "पडल्यावर मूल लगेच खेळायला लागलं की लोक निर्धास्त होतात. डोक्याचा मार कधी कधी महिन्यांनी बोलतो." गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. त्या आईने माझी ती खोड मोडली. काही माणसं स्वतःला शिक्षा देत गप्प बसलेली असतात.

निवृत्तीनंतर परवा बाजारात तीच आई भेटली. मुलगी बरोबर होती. गोळ्या चालू आहेत, डावा कान गेला तो गेलाच. पण फिट थांबल्यात आणि शाळेत ती पहिल्या बाकावर, उजवा कान बाईंकडे करून बसते. माझी बोंबलांची पिशवी मुलीनेच आईसारखी गाठ मारून बांधून दिली.

"आजोबा, आई सांगते, तुम्हाला ही गाठ येत नाय."

"नाही येत," मी म्हणालो.

"उजव्या बाजूला या. शिकवते."